टेल लाइटला एलईडी घालताय? आधी अर्थ बघा

जुळे सोलापुरातल्या एका गाडीमालकांनी विचारलं आहे. गाडी २०१३ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, महिन्यातून तीन-चार वेळा रात्रीचं पुण्याला जाणं-येणं. मागचे लाइट आणि इंडिकेटर मंद पडलेत, मागचा ट्रक अगदी अंगावर येईपर्यंत वेग कमी करत नाही, अशी त्यांची तक्रार. दुकानदार म्हणतो, "पन्नास वॅटचे हाय पॉवर एलईडी टाका, चारी इंडिकेटर आणि दोन्ही टेल लाइट. सोबत रेझिस्टन्सची जोडी घ्या, नाहीतर इंडिकेटर पळतो." त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: टाकू का, वायरिंग जळेल का, आणि २०२८ला पुन्हा पासिंग करताना अडचण येईल का.

आधी थोडक्यात सांगतो. ब्रेक-टेलच्या बल्बला चांगला लाल एलईडी चालेल. रिव्हर्सला तर खुशाल घाला. इंडिकेटरला हात लावू नका. पण या सगळ्याच्या आधी अर्ध्या तासाचं एक काम आहे: 'अर्थ' तपासणं, म्हणजे लॅम्पमधला करंट ज्या काळ्या वायरीने गाडीच्या बॉडीत परत जातो ती वाट. ते केल्यावर एलईडीची गरज उरेलच असं नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

गेल्या उन्हाळ्यात एक मालक हीच तक्रार घेऊन आमच्या गाळ्यावर आले होते. एलईडीचा डबा येतानाच घेऊन आलेले, बसवून द्या एवढंच म्हणणं. मी म्हटलं, "डबा राहू द्या मालक, जुना बल्ब काय म्हणतोय ते आधी बघू." डिकी उघडून लॅम्पचे नट काढले, होल्डर फिरवून बल्ब हातात घेतला. काच आतून काळसर झालेली, धुरकट आरशासारखी. होल्डरच्या पत्र्याला हिरवट पावडर धरलेली. बल्ब परत बसवला, इंजिन चालू केलं, पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, मागून मीटरच्या पिना घातल्या. बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते. बल्बच्या दोन टोकांत फक्त १०.६. मग लाल पिन तिथेच ठेवली आणि काळी पिन लॅम्पच्या अर्थवरून काढून बॉडीच्या स्वच्छ बोल्टला टेकवली. मीटर १३.७वर गेला. म्हणजे प्लसची वायर ठणठणीत, तीन व्होल्ट खाऊन बसला होता तो अर्थ.

काळी वायर धरत गेलो तर ती डिकीच्या अस्तरामागे एका स्क्रूखाली जात होती. स्क्रू गंजलेला, त्याखाली कुणीतरी डेंटिंगच्या वेळी मारलेला रंग. रंग खरवडला, सँडपेपर मारला, वायरीच्या टोकाचा लग (स्क्रूखाली बसणारी कडी) बदलला, वर थोडं व्हॅसलिन. होल्डरची हिरवळ घासून काढली. दोन नवे साधे बल्ब टाकले, तेही चहा-भज्याच्या पैशात येणारे. मालक मागे जाऊन उभे राहिले, पुढे आले, परत मागे गेले. डबा तसाच घेऊन गेले.

तीन व्होल्टने एवढा फरक का पडतो? तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. ढोबळमानाने व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताने, असं समजा. साडेतेराचे साडेदहा झाले की उजेड निम्म्याच्याही खाली येतो, आणि पांढुरका न राहता तांबूस होतो. लाल काचेआड तो आणखी मरतो. तुमच्या गाडीला बारा-तेरा वर्षं झालीत, पावसाचं पाणी डिकीच्या रबरातून आत येतच असणार. तुमच्याकडे नेमका हाच दोष असेल असं गाडी न बघता म्हणणार नाही, पण माझ्याकडे 'मंद' म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांत पहिला संशय मी इथेच घेतो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

घरी ओळखायची खूणही आहे. रात्री पार्किंग लाइट लावा, एका बाजूचा इंडिकेटर चालू करा आणि ब्रेक दाबून धरायला सांगा. इंडिकेटर पेटताना त्याच लॅम्पमधला टेल लाइट हलकासा दबत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल, तर अर्थ गेलेला आहे. एका लॅम्पमधल्या सगळ्या बल्बांचा अर्थ बहुधा एकाच वायरने जातो. ती वाट अडली की करंट शेजारच्या बल्बातून चोरवाट काढतो.

यात एलईडीचं दुखणं असं की तो हा दोष झाकून टाकतो. करंट कमी लागत असल्याने खराब अर्थवरही तो झगझगीत पेटतो. मालक खूश, आणि गंज आत वाढतच असतो. मग एके दिवशी पूर्ण लॅम्प बंद, तोही नेमका रात्री टेंभुर्णीच्या पुढे.

एक गोष्ट पटकन सांगून टाकतो: लेन्स बाहेरून पुसा आणि आतला रिफ्लेक्टर बघा. चकाकी उडून राखाडी झाला असेल तर कुठलाही बल्ब घातलात तरी पैसे पाण्यात. मग लॅम्पच नवा घ्यावा लागतो.

समजा, अर्थ सुधारला, व्होल्टेज पूर्ण येतंय, तरीही तुम्हाला एलईडी हवाच आहे. मग 'पन्नास वॅट'चं काय ते बघू. आमच्याकडे टेबलावर एक जुनी बॅटरी, चार्जर आणि अँपिअर मोजायचा मीटर कायम जोडलेला असतो. पन्नास वॅट, ऐंशी वॅट छापलेले बल्ब मी त्यावर लावून बघितलेत. साडेतेरा व्होल्टला साधारण ०.३ ते ०.४ अँपिअर खातात, म्हणजे चार-पाच वॅट. डब्यावरचा आकडा कुठून येतो? चिप्स मोजायच्या, प्रत्येक चिप जास्तीत जास्त किती सोसू शकेल त्याने गुणायचं, झाले पन्नास. खरंच पन्नास वॅट त्या अंगठ्याएवढ्या बल्बात ओतले तर तो पाच मिनिटांत होल्डरला चिकटून बसेल. तेव्हा वॅटच्या मागे लागू नका, आणि वायरिंग जळण्याची भीतीही काढून टाका. निव्वळ एलईडीमुळे वायरवरचा भार घटतोच. जळतं ते रेझिस्टन्समुळे, म्हणजे नुसता करंट खाऊन तापणाऱ्या त्या जोडीमुळे. त्याच्याकडे येतोच.

उजेडाचं माप लुमेन. ब्रेक-टेलला तुमच्यासारख्या गाड्यांत बहुतेक डबल फिलामेंटचा बल्ब असतो, पितळी टोपीवर 'पी२१/५डब्ल्यू' असं कोरलेलं सापडेल. दुकानात त्याला ११५७ किंवा नुसतं 'डबल पॉइंट' म्हणतात. त्याची २१ वॅटची तार सुमारे ४४० लुमेन देते आणि ५ वॅटची ३५ लुमेन. म्हणजे टेलपेक्षा ब्रेक बारा पटींहून जास्त उजळ. माझ्या लेखी या बल्बातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच पट आहे.

कारण मागच्या माणसाला तुमचा लाइट 'भारी' दिसून काही उपयोग नाही. त्याला एवढंच कळायला हवं की तुम्ही नुसते चाललाय की थांबताय. स्वस्त डबल एलईडीत ही पट तीन-चारवर येते. टेलच इतका भगभगीत करून ठेवतात की ब्रेक दाबल्यावर त्यात भर पडलीय हे समजतच नाही. मोहोळजवळ एकदा मी अशाच एका गाडीमागे होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्याच्यामागे ही लालभडक गाडी, तिच्यामागे मी. तिने ब्रेक मारलाय हे मला लाइटवरून कळलं नाही, तिचं बूड मोठं व्हायला लागलं तेव्हा कळलं. तो लाइट मंद नव्हता, उलट डोळे दिपत होते.

तेव्हा बल्ब निवडताना माझी चाचणी अशी. बसवल्यावर रात्री गाडीमागे वीस-पंचवीस पावलांवर जाऊन उभे राहा, पण गाडीकडे पाठ करून. घरातल्या कुणाला तरी सांगा, मनाला येईल तेव्हा ब्रेक दाबायचा किंवा सोडायचा. तुम्ही मध्येच एकदा वळून बघा आणि लगेच सांगा, ब्रेक दाबलेला आहे की नाही. बघत उभं राहिलं तर उजेड वाढताना कुणालाही दिसतो, त्यात काही विशेष नाही. रस्त्यावरचा माणूस मात्र आरशातून, मोबाइलवरून, ट्रॅक्टरवरून नजर काढून एकदम तुमच्याकडे बघतो. त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. दहा वेळा करा. एकदाही चुकलात किंवा "अं..." झालं, तर बल्ब परत करा.

लाल काचेआड लाल बल्बच घ्या. दुकानदार पांढरा पुढे करील, कारण तो हातात धरल्यावर जास्त झगमगतो. तारेच्या बल्बच्या उजेडात लाल रंग भरपूर असतो, तेवढा काच बाहेर सोडते. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. त्यात निळी चिप आणि वर पिवळसर लेप असतो, लाल भाग त्या मानाने कमी. काच बाकीचं सगळं अडवते आणि बाहेर येतो फिकट, गुलाबीकडे झुकणारा उजेड. लाल चिपचा बल्ब हातात मामुली वाटतो, पण त्याचा बहुतेक उजेड काचेतून पार होतो. पांढरा घालायचा तो फक्त पांढऱ्या काचेआड. नंबर प्लेटचा दिवा त्याच लॅम्पमधल्या टेलच्या बल्बवर चालत असेल, तर लाल बल्बने नंबर प्लेट लाल दिसेल, तेव्हा ते आधी बघून घ्या. कारमध्ये हे क्वचित, जुन्या मोटारसायकलींत हमखास.

आकारही बघा. तारेच्या बल्बात उजेड एका तांदळाएवढ्या जागेतून निघतो आणि रिफ्लेक्टरची वाटी त्या जागेच्या हिशोबानेच घडवलेली असते. एलईडीच्या चिप्स त्याच उंचीवर, चारी बाजूंनी असल्या तर वाटी नीट भरते. नुसत्या टोकावर चिप असलेला बल्ब मधोमध एक ठिपका पेटवतो आणि कडेने लॅम्प अंधारा. सरळ मागून भारी दिसतो, शेजारच्या लेनमधून गायब. आणि बघायला गेलं तर बाजूने घुसणाऱ्या दुचाकीलाच तो दिसायला हवा असतो.

एलईडीचा एक खरा फायदा मी मान्य करतो. तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. एलईडी पापणी लवायच्या आत पेटतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर धावते, म्हणजे मागच्याला साडेचार मीटरच्या आसपास जादा मिळतात. एका गाडीची लांबी झाली की ही! हा फरक तुम्ही रोज बघता, फक्त लक्षात येत नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला पुढची गाडी ब्रेक मारताना नीट बघा. काचेतला मधला दिवा बऱ्याच गाड्यांत कंपनीचाच एलईडी असतो, तो आधी पेटतो आणि बाजूचे दोन मागून येतात. म्हणूनच ब्रेकला एलईडीला माझी ना नाही.

आता आपल्या गावचा प्रश्न, उन्हाचा. मे महिन्यात पारा ४३च्या पुढे गेलेला आपण बघतोच, आणि दिवसभर उन्हात तापलेल्या लॅम्पच्या आत हवा त्याहून कितीतरी गरम. तारेच्या बल्बची उष्णता बरीचशी उजेडाबरोबर पुढे काचेकडे निघून जाते. एलईडीची उष्णता मागे बुडाकडे येते, जिथे तुमचा प्लास्टिकचा होल्डर आहे. आणि लाल-पिवळ्या चिप्स उष्णतेला पांढऱ्यापेक्षा जास्त हळव्या असतात. थंड असताना जो लख्ख पेटतो, तो दहा मिनिटांनी उतरलेला असतो. दुकानदार बॅटरीला दोन सेकंद टेकवून दाखवतो ते म्हणूनच. तुम्ही म्हणायचं, "दहा मिनिटं चालू ठेवा, तोवर मी चहा घेऊन येतो." परत येऊन त्याच जातीच्या दुसऱ्या, नुकत्या पेटवलेल्या बल्बशेजारी धरून बघा. डोळ्यांना फरक दिसला तर तो बल्ब उन्हाळा काढणार नाही. हाताला चांगला जड लागणारा, अॅल्युमिनियमचं अंग असलेला बल्ब घ्या. पोकळ, फुलाच्या पाकळ्यांसारख्या पट्ट्या चिकटवलेला नको. पट्टीचा डाग (सोल्डरचा सांधा) सुटतो आणि मग ट्रकच्या सजावटीसारखा तो लुकलुकायला लागतो.

डबल एलईडीत आणखी एक खोड असते. ब्रेक दाबला की डॅशबोर्ड आणि नंबर प्लेटचा दिवाही हलका पेटतो. हलक्या बल्बात दोन सर्किटांच्या मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) नसतो, ब्रेकचा करंट उलटा टेलच्या वायरीत शिरतो. बसवल्यावर पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबा आणि चहूकडे बघून घ्या.

इंडिकेटरकडे येऊ. 'पळतो' म्हणजे काय होतं? गाडीने जाणूनबुजून केलेली ती सोय आहे. एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१, आणि बाजूचा ५ वॅटचा, असे ४७ वॅट चालतात हे फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला, माहीत असतं. एक मोठा बल्ब गेला की भार निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर दुप्पट वेगाने टिकटिकायला लागतो, मालकाला कळावं म्हणून. एलईडी घातला की त्याला वाटतं दोन्ही बल्ब गेले.

यावर बाजारात तीन उपाय मिळतात. पहिला, फ्लॅशर रिले बदलणं. जुन्या ओम्नी-८००च्या पिढीतल्या गाड्यांत तो डॅशखाली वेगळा असायचा. भार न मोजणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर तिथे बसवला की काम संपतं. हा स्वच्छ उपाय आहे. तोटा एकच: पुढे खरोखर बल्ब गेला तरी गाडी सांगणार नाही, आठवड्यातून एकदा तुम्हालाच हॅझर्ड (चारी इंडिकेटर एकदम) लावून गाडीभोवती फेरी मारावी लागेल. तुमच्या २०१३च्या गाडीत मात्र फ्लॅशर वेगळा आहे की बॉडी कंट्रोलच्या डब्यातच (लाइट वगैरे चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात) मुरलेला, हे आधी शोधावं लागेल. तो डब्यात असेल तर बदलायला काही हातात लागत नाही.

दुसरा उपाय म्हणजे 'कॅनबस' लिहिलेला बल्ब. आतच छोटा रेझिस्टन्स बसवलेला असतो. म्हणजे आधीच तापणाऱ्या एलईडीच्या कुशीत शेगडी. सोलापुरात तरी नको.

तिसरा, तो सोनेरी पंखांचा रेझिस्टन्स, ज्याची जोडी तुमच्या दुकानदाराने काढून ठेवलीय. त्याच्यावर ६ ओहम, ५० वॅट लिहिलेलं असतं. साडेतेरा व्होल्टला तो सव्वादोन अँपिअर ओढतो, म्हणजे ३० वॅट. साधा २१ वॅटचा बल्ब चालू इंजिनावर २५ वॅटच्या आसपास खातो. हिशोब बघा: उजेडाला चार-पाच वॅट आणि नुसती हवा तापवायला तीस. बल्बपेक्षा जास्त करंट ओढून आपण गाडीला फसवतोय, तेही तिने आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या इशाऱ्यात.

यात मी स्वतः तोंड भाजून घेतलंय. पंधराएक वर्षांपूर्वी, हे रेझिस्टन्स नवे आलेले तेव्हा, एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी ते लॅम्पच्या मागच्या प्लास्टिकवर दुतर्फा टेपने चिकटवून दिले. दुकानात दोन मिनिटं इंडिकेटर लावून बघितला, छान चालला. आठवड्याने ते अक्कलकोट रोडला टायर पंक्चर होऊन थांबले आणि अर्धा तास हॅझर्ड चालू राहिला. लॅम्पच्या मागच्या बाजूला रुपयाएवढं भोक, डिकीत जळक्या प्लास्टिकचा वास, आणि कार्पेटवर वितळलेला थेंब. पुढे काही झालं नाही हे नशीब. दोन्ही लॅम्प मी माझ्या पैशाने बदलून दिले आणि त्यातला तो भोक पडलेला लॅम्प अजून गाळ्यात खिळ्याला टांगून ठेवलाय. कुणी रेझिस्टन्सचा हट्ट धरला की आधी तो दाखवतो. बसवायचाच झाला तर तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने, वायरीपासून आणि अस्तरापासून लांब, सांधे डाग देऊन किंवा नीट क्रिम्प करून. ती निळी चावणारी क्लिप वायरीची अर्धी तार कापते, ती वापरू नका. आणि ब्रेकच्या सर्किटवर रेझिस्टन्स कधीच नको. इंडिकेटर निम्मा वेळ तरी विझतो, ब्रेक मात्र सिग्नलला दोन-दोन मिनिटं सलग दाबलेला असतो.

इंडिकेटरची आणखी एक भानगड. लॅम्पची काच पांढरी असेल तर आत पिवळा बल्ब असतो, 'पीवाय२१डब्ल्यू'. पांढरा बल्ब चुकून त्यात जाऊ नये म्हणून त्याच्या टोपीवरच्या दोन कानांचा (होल्डरमध्ये अडकणाऱ्या टोकांचा) कोन मुद्दाम वाकडा ठेवलेला असतो, समोरासमोर नसतो. एलईडीवाले बरेचदा सरळ कानांचाच देतात. मग कानशीने एक कान घासून तो बसवला जातो. दोन महिन्यांत खड्ड्यांनी तो होल्डरमध्ये खुळखुळायला लागतो. असा घासलेला कान दिसला तर समजा, तिथे कुणीतरी घाई केलीय.

नव्या गाड्यांत एक भूत पण दिसतं: लाइट बंद, तरी एलईडी मध्येच पुसट लुकलुकतो. भूत नाही. कंट्रोलचा डबा बल्ब शाबूत आहे का ते तपासायला मधूनमधून करंटची बारीक टिचकी देतो. तारेला ती जाणवतही नाही, एलईडी तेवढ्यावर पेटतो.

एवढं सगळं करून इंडिकेटरला एलईडीने मिळतं काय? टकटक कडक होते, बस्स. लुकलुकणारा पिवळा दिवा डोळ्याला आपोआप दिसतो, त्याला जादा उजेडाची गरज नसते. पूर्ण व्होल्टेज आणि नवा पिवळा बल्ब पुरेसा आहे. पिवळा रंग बल्बाच्या काचेवरचा लेप असतो, तो सोलून पांढरा उजेड यायला लागला की बल्ब बदला, पेटत असला तरीही.

रिव्हर्सचं मात्र खुशाल करा. काच पांढरी, दिवा मिनिटभरच पेटतो त्यामुळे तापत नाही, आणि मागच्या काचेला फिल्म असलेल्या गाडीला तिथे उजेड खरंच कमी पडतो. फक्त तो स्वतंत्र स्विचवर घेऊन रस्त्यात जाळत फिरू नका, मागच्याचे डोळे फुटतात.

पासिंगचं. गाडीचा लॅम्प मंजूर होतो तो ठरावीक जातीच्या बल्बासकट. तारेच्या लॅम्पात एलईडी बल्ब घातला की काटेकोर बघता ती मंजुरी लागू राहत नाही, आणि मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मनाई आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे इंडिकेटर पिवळा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा हवा. पळणारा इंडिकेटर त्यात सहसा बसत नाही, मोजून बघा. इंडिकेटरला लाल, किंवा कुठेही निळे, रंग बदलणारे, धावत जाणारे, दर ब्रेकला तीनदा फडफडणारे बल्ब तर घेऊच नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२८ला तुमची तपासणी होणार. तेव्हा गाडी मूळ बल्बांवर असलेली बरी.

उसाच्या ट्रॉल्यांना मात्र मीच मागे लागून एलईडी लावायला लावतो. तो बल्ब नसतो, आख्खा बंद लॅम्प असतो. चिप, काच, रिफ्लेक्टर सगळं एकमेकांच्या मापाने बनवलेलं, पाणी-चिखल आत जात नाही. तारेच्या घरात एलईडी भाड्याने ठेवणं वेगळं आणि त्याने स्वतःचं घर बांधणं वेगळं. तुमच्या मॉडेलला कंपनीचाच एलईडी टेल लॅम्प वरच्या व्हेरिएंटमध्ये आला असेल आणि कपलर जुळत असेल, तर बल्बांच्या मागे लागण्यापेक्षा तो विचारून बघा. महाग पडेल, पण डोक्याला ताप नाही.

तर तुमच्यापुरतं असं करा. मीटरवाल्या माणसाकडे जाऊन इंजिन चालू ठेवून चारी कोपऱ्यांतलं व्होल्टेज मोजून घ्या. बॅटरीपेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त घट असेल तिथे अर्थ आणि होल्डर साफ करा. सगळे बल्ब नवे साधे टाकून एक पुणे फेरी मारा. तरी मन मानलं नाही तर ब्रेक-टेलला लाल एलईडीची जोडी, दोन्ही बाजूंना एकाच जातीची, आणि ती पाठ फिरवून उभं राहायची चाचणी. कॅपलेस (पितळी टोपी नसलेला) बल्ब असेल आणि बसवल्यावर पेटला नाही तर दुकानदाराशी भांडायच्या आधी तो काढून उलटा घाला. एलईडीला प्लस-मायनस असतं, तारेला नसतं.

आणि काढलेले जुने बल्ब फेकू नका. कागदात गुंडाळून डॅशच्या कप्प्यात ठेवा. रात्री दोन वाजता इंदापूरला एलईडी बंद पडला, तर उघड्या असलेल्या एखाद्या पंक्चरवाल्याकडे स्क्रू ड्रायव्हर मिळेल, बल्ब मिळेलच असं नाही.